हातबुरशी

कुंदाचं बारसं झालं ते साल २१४१. कादवाकाठच्या वायनरीच्या मळ्यातल्या द्राक्षवेली तेव्हा सव्वाशे वर्षांच्या झाल्या होत्या. आणि त्याच साली कुंदाच्या आईला, सान्वीआक्काला, कळलं की या मळ्यातून आपली सुटका नाही.

सांगितलं डॉक्टर नौशीन पटवेकरांनी. रोगानं तालुक्यातल्या सगळ्या बागा बसल्या, मग या बाराशे वेली कशा जगल्या, हे शोधायला त्या आल्या होत्या.

"आक्का, तुमच्या तळहातावर एक बुरशी राहते. तुम्हाला तिचा त्रास नाही. छाटताना ती वेलीच्या जखमेत उतरते आणि रोगाला अडवते."

"मग सोडा की दुसऱ्याच्या हातावर! गडी काय थोडे आहेत?"

"पन्नास जणांवर सोडून पाहिली. मरते. तुमच्याच घराण्याच्या कातडीवर ती तग धरते."

"म्हणजे आई मला तेल लावून न्हाऊ घालायची..."

"तेव्हाच आली."

बाळाला तोवर सुईणच न्हाऊ घालत होती; आक्कानं त्याच दिवशी रबरी हातमोजे आणले. लेकीला न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी, सगळं मोजे घालून. कारण मात्र सांगितलं नाही. कळलं असतं तर पोर आईवरच्या दयेपोटी इथंच राहिली असती. स्वतः आक्काला हलता येत नव्हतं. वर्षाला दोन छाटण्या, आठवड्याला फुटवे काढायचे, आणि वायनरीवर साठ घरांच्या चुली. कुंदा शिकली आणि जहाजावर इंजिनिअर झाली, तेव्हा आक्का एकटीच बांधावर बसून हसली होती.

२१६४ च्या ऑक्टोबरात आक्का तापानं पडली. लेक येणार म्हणून तापातही मोजे चढवून झोपली. पण शुद्ध गेली. कुंदानं घामानं भिजलेले मोजे ओढून काढले आणि तीन दिवस आईचे तळवे तेलानं चोळले.

चौथ्या सकाळी आक्कानं डोळे उघडले.

"कुंदे, हात सोड!"

"सोडते बरी! तेवीस वर्षांत पहिल्यांदा हाती लागलाय."

आक्कानं पटवेकरबाईंना बोलावून घेतलं. आता केस पिकलेल्या बाईंनी कुंदाचा तळवा खरवडला, यंत्राखाली पाहिला आणि सगळं सांगितलं.

"धुऊन निघेल ना?" आक्कानं विचारलं.

"नाही."

"माझं जहाज बुधवारी सुटतंय," कुंदा म्हणाली.

दाराशी उभ्या मळ्यातल्या गड्यांनी बाईंचं 'नाही' तेवढं ऐकलं होतं. दुपारी मळ्यात पेढे वाटले.

सान्वीआक्का त्याच संध्याकाळी, १४ ऑक्टोबर २१६४ ला, वारली. बुधवारी छाटणी सुरू झाली; त्या साली वेल एकही मेली नाही.