गारव्याचं पान

"हात थांबवा गं. कुणाचं तरी तुटलं."

स्वप्नालीच्या कानातला हा आवाज पंचवीस वर्षांपूर्वीचा. तिच्या आईचा, इंदूचा. बाजरीच्या कापणीला बायका शेजारी शेजारी पात धरायच्या. इंदू गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्या झेलायच्या आणि त्याच ठेक्यावर विळे चालायचे. मध्येच एखादीचा शब्द मागं-पुढं झाला की इंदू गाणं तोडायची. बाईचा सूर उगाच चुकत नाही. बोट कापलेलं असतं, नाहीतर पायाशी काहीतरी सळसळलेलं असतं. सगळ्या विळे खाली ठेवायच्या, आधी आपली बोटं बघायच्या आणि मग शेजारणीची. आठ वर्षांची स्वप्नाली बांधावर बसून हे बघायची.

आता इंदू नाही. पळसखडीची कापणीही यंत्र करतं. बायकांची सवय मात्र मोडली नाही. कुठलीही सूचना आली की बचत गटाच्या बायका समाजमंदिरात जमतात. एकजण आपल्या फोनवरून ओळ वाचते, बाकीच्या आपापल्या फोनवर बघून ती पुन्हा म्हणतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानावर मजकूर दोनदा पडतो.

पण तलावाची सूचना कुणी अशी वाचली नव्हती. ती प्रत्येकीच्या फोनवर स्वतंत्र आली होती, 'केवळ आपल्यासाठी' असं म्हणत. म्हणून प्रत्येकीनं ती आपल्या चुलीपाशी, आपल्या गोठ्यात एकटीनं वाचली. चूक झाली ती इथंच.

पुण्याहून येणाऱ्या बसमध्ये स्वप्नाली बचत गटाच्या शालनकाकीचा निरोप पुन्हा पुन्हा ऐकत होती. तलावाशेजारच्या माळावर विदागार होणार होतं, म्हणजे जगभरच्या माहितीची वखार. तिथली यंत्रं चोवीस तास तापणार आणि त्यांना थंड ठेवायला पळसखडीच्या तलावाचं पाणी जाणार. अकरा वाड्या त्या पाण्यावर जगतात. हरकत नोंदवायला तीस दिवस होते आणि त्यातला उद्याचा शेवटचा. कचेरीतून कळलं होतं ते असं : सहाशे चाळीस घरांनी सूचना उघडली, शेवटपर्यंत वाचली, आणि हरकती शून्य.

निरोपात काकी शेवटी म्हणाली होती, "तू पानंच बनवतीस न्हवं? मग ये आन बघ, आमी जित्ती हाव का मेलो."

स्वप्नाली फोनवरची पानं बनवायची हे खरं. पण ठरीव पान बनवण्याचे दिवस संपले होते. आता असायचं ते ओघपान. ते आधीपासून कुठं तयार नसतं. वाचणारा समोर आला की फोन त्याचे डोळे बघतो, अंगठ्याचा दाब मोजतो, श्वासाची लय ऐकतो आणि त्या माणसापुरतं पान त्या क्षणी घडवतो. म्हाताऱ्या डोळ्यांना मोठं अक्षर, घाईतल्या माणसाला चार ओळी, मेंढरांमागच्या माणसाला त्याच्या बोलीत मजकूर. पान पुढं सरकलं की मागचं विरून जातं, पाटातलं पाणी पुढं जावं तसं. स्वप्नालीसारखे लोक पान आखत नसत, त्याला वळण लावत.

तिनं लावलेल्या एका वळणाचं नाव होतं गारवा. वाचणाऱ्याला राग आला, अंगठा काचेवर जोरात पडू लागला, की रंग निवत जायचे, वाक्यं मऊ व्हायची, टोकदार शब्द खाली सरायचे. हातून काही भलतंच घडेल असं बटण असलं तर ते माणूस शांत होईपर्यंत बाजूला व्हायचं. एका कॉलेजच्या मुलीला लोकांनी रात्रभर शिव्या लिहून पाठवल्या होत्या, त्यानंतर स्वप्नालीला हे सुचलं. शिवी पाठवण्याआधी माणसाला एक श्वास मिळावा, एवढंच तिच्या मनात होतं. गारव्याला बक्षीस मिळालं होतं.

गावात पोचली तेव्हा पाण्याआधी माणसं आटलेली दिसली. मालन आणि सुवर्णा, एका भिंतीच्या शेजारणी, एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. मालननं हरकत घातली असणार असं सुवर्णा धरून चालली होती, आणि मालनही सुवर्णाबद्दल तेच. हरकती शून्य निघाल्या तेव्हा दोघींना एकमेकींनी दगा दिल्यासारखं वाटलं. शालनकाकीनं तर सगळ्या गटाला फितूर म्हटलं होतं. मग एकीनं उलट विचारलं, तू का नाही घातलीस. काकीला एवढंच आठवत होतं, की वाचायला घेतलं तेव्हा अंगाचा भडका उडालेला होता, आणि वाचून झालं तेव्हा वाटलं होतं, असू दे, एवढं काही वाईट नाही. त्याची तिला लाज वाटत होती. प्रत्येकीलाच वाटत होती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की असं मऊ पडणारी आपण एकटीच.

दुपारी तीनला बारा बायका समाजमंदिरात बसल्या. काकीनं हुकूम सोडला, आता सगळ्यांनी मिळून वाचायचं, मागं वाचायचो तसं.

सुवर्णानं पहिली ओळ टाकली. पळसखडी तलावातील पाण्याबाबत सूचना. अकरा गळ्यांनी ती झेलली. तिनं दुसरी टाकली. हे पाणी प्रकल्पासाठी वळवले जाईल.

अकरा गळे अकरा दिशांना गेले. मालनच्या फोनवर पाणी 'वाटून घेतले' जाणार होतं. तिसरीच्या फोनवर पाण्याचं 'नियोजन सुधारणार' होतं. एकीच्या फोनवर तर पाण्याचा शब्दच नव्हता, गावातल्या मुलांना मिळणाऱ्या नोकऱ्या होत्या.

काकीचा हात वर गेला. "थांबा. कुणाचं तरी तुटलं."

इतक्या वर्षांनीही बायकांनी फोन खाली ठेवले आणि बोटांकडे बघितलं. मग शेजारणीच्या फोनकडे. मालन सरकत सरकत सुवर्णाजवळ आली, दोघींनी दोन फोन जोडून धरले आणि एकेक ओळ बोटानं ताडून बघू लागल्या.

हरकतीचं बटण अकरा फोनांवर नव्हतंच. ते होतं एकट्या काजलच्या फोनवर. काजल गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, तिच्या नावावर ना जमीन ना पाणीपट्टी. हरकत घेण्याचा तिला हक्कच नव्हता. तिनं सूचना निवांत वाचली होती आणि बटण तिच्यापुढं ठळक उभं होतं, 'हरकत नोंदवा'.

"बग की गं," मालन म्हणाली, "जिला पोट न्हाई दुखत तिलाच औषध."

एक-दोघी हसल्या. काजल मात्र हसली नाही. एवढ्या जणींचं तुटलेलं वाचन तिनं ऐकलं होतं, शेजारी बसलेल्या सासूचा उतरलेला चेहरा पाहिला होता. तिचा अंगठा काचेवर घट्ट दाबला गेला, श्वास वाढला. आणि बारा जणींच्या डोळ्यांसमोर ते बटण फिकं होत गेलं. आधी त्याची कड गेली, मग अक्षरं, मग त्या जागी नुसतं फिकट आकाशी उरलं.

चार सेकंद लागले. स्वप्नालीला मोजावे लागले नाहीत. ते चार सेकंद तिनंच ठरवले होते. कातरवेळी भिंतीवरचं ऊन कुणाच्या लक्षात न येता जसं निघून जातं तसं बटण जावं, म्हणून सतरा वेळा बदलून तिनं ती गती बसवली होती.

काकी तिच्याकडे वळली. हे कसं झालं तुला कळतंय का, असं तिनं विचारलं. स्वप्नाली म्हणाली, "बघते, काकी." आणि उठून बाहेर आली.

तलावाच्या सांडव्यावर उभं राहून तिनं निरंजनला फोन लावला. निरंजन तिचा वरिष्ठ, आवाज कधी न चढवणारा माणूस. त्यानं सगळं शांतपणे मान्य केलं. रागाचा एक उंबरा असतो, तो ओलांडल्यावरच गारवा सुरू होतो. प्रकल्पवाल्यांनी तो उंबरा पार खाली मागून घेतला आणि आपल्या कंपनीनं दिला. पानानं कुठंही खोटं सांगितलेलं नाही, प्रत्येक शब्द आपापल्या जागी खराच आहे. कुणाला अडवलेलं नाही, लोक आपणहून शांत झाले. आणि विरलेल्या पानाचा पुरावा नसतो. तू कामाच्या गुप्ततेवर सही केलेली आहेस, हेही त्यानं आठवण करून दिल्यासारखं सांगितलं.

"लोकांना बरं वाटलं, स्वप्नाली," तो म्हणाला. "त्यात वाईट काय?"

तिला ओरडायचं होतं. पण निरंजनचा आवाज असा होता, की त्याच्यापुढं राग काढणारं माणूस स्वतःलाच अडाणी वाटावं. तिच्या ध्यानात आलं, की गाव महिनाभर याच आवाजाशी झुंजत होतं. तिनं फोन बंद केला. हाताला आलेला दगड उचलून तिनं पाण्यात फेकला, मग दुसरा, मग तिसरा, खांदा दुखेपर्यंत. एवढ्यानं राग गेला नाही, आणि तो गेला नाही याचं तिला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला तालुक्याच्या कचेरीत सुनावणी होती. तिथल्या अधिकारी बाई सरळ मनाच्या होत्या. त्यांनी आपली टॅबलेटची पाटी बायकांपुढं धरली. त्यांच्या पाटीवर सूचना पूर्ण होती, नकाशा होता, बटण होतं. पान सगळ्यांना एकच असतं, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता. बायकांनी फोन दाखवले तर बाई म्हणाल्या, तोंडी हरकत घ्यायची सोय नियमात नाही, ती ज्याच्या त्याच्या फोनवरूनच यावी लागते, पण मुदत बारापर्यंत आहे, आत्ता इथं बसून नोंदवा, मी थांबते.

भिंतीवरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं.

बायका खुर्च्यांवर बसल्या आणि पान उघडून बटण शोधू लागल्या. मिळेना. तेव्हा सुवर्णाला वाटलं, शांत झालं की येत असेल. मग स्वप्नालीनं जे पाहिलं ते तिला बघवलं नाही. अकरा बायका डोळे मिटून श्वास लांबवू लागल्या. मालन पुटपुटत देवाचं नाव घेऊ लागली. शालनकाकी, जी आयुष्यात कुणाच्या बापाला भ्याली नव्हती, चेहरा सैल करायचा प्रयत्न करत होती. तिची हनुवटी थरथरत होती. पाणी चाललं होतं, आणि ते थांबवायला तिला आपल्याला काहीच वाटत नाही असं दाखवावं लागत होतं.

एकदा तिच्या फोनवर बटण आलं. काकी सरसावली, अंगठा धावला, आणि त्या धावण्यातच बटण विरलं.

काकीनं फोन मांडीवर पालथा घातला. "माजा राग काडून ठेवायला मला जागा दावा," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "कुटं ठेवू? तुमच्या टेबलावर ठेवू?"

शेजारचा लिपिक, ज्याच्यापुढं हजेरीची कागदी वही होती, लिहायचं थांबला. बाराला दहा कमी होते.

स्वप्नाली मागच्या रांगेतून उठली. बाईंनी विचारलं, आपण कोण. तिनं नाव सांगितलं, इंदूबाई गलांडेची मुलगी म्हणून सांगितलं, आणि लिपिकाला म्हणाली, हे वहीत घ्या, शाईनं घ्या, कारण शाईला माणसाचा श्वास ऐकू येत नाही.

"हे बटण रागावलेल्या माणसापासून लपतं, मॅडम. त्याला लपायला मी शिकवलं. त्याचं वळण माझं आहे, कंपनीचं नाव आणि माझं नाव दोन्ही लिहा."

मग ती शालनकाकीकडे वळली. आता तिला बाईंचा चेहरा दिसत नव्हता, घड्याळही नाही.

"काकी, काल तू विचारलंस तेव्हा मी बघते म्हणाले. बघण्यासारखं काही नव्हतं, मला बघताक्षणी कळलं होतं. आणि आणखी एक आहे. दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला सगळ्यांना बोलावलं, चहा पाजला, फोन हातात दिले, अक्षरं नीट दिसतात का सांगा म्हणाले. मी अक्षरं तपासत नव्हते. रेशनच्या बंद पडलेल्या पानावर तुम्ही चिडत होतात, आणि मी तुमचा अंगठा मोजत होते. राग कसा असतो ते यंत्राला तुमच्या हातांवरून शिकवलं. म्हणून ते तुम्हाला इतकं नेमकं ओळखतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुमचा राग चोरून नेला मी. आता तो परत कसा देऊ, काकी, आणि दिला तर तू माझ्या हातून घेशील का?"