पोस्टरमधून नाहीसा झालेला खेळाडू

पोस्टरची घडी उलगडली आणि ओडेसा टॉलिव्हर यांच्या हातातली काठी खाली पडली.

"हे ते नाही! माझे पणजोबा कुठं आहेत?"

ओहायो नदीकाठच्या हार्मन्स फेरी गावातलं त्या छोट्या संग्रहालयात सगळे पुढं सरकले. टेबलावर १८८६ सालची बेसबॉल मार्गदर्शिका होती. खेळाचे नियम, मोसमातले सामने आणि शेवटच्या पानापाशी घडी घालून ठेवलेलं गावच्या संघाचं पोस्टर. त्या संघात आपले पणजोबा एझ्रा हे एकटे काळे खेळाडू होते, असं ओडेसाबाई जन्मभर सांगत आल्या होत्या. गावच्या मैदानाला त्यांचं नाव द्यायचं का, हे आज दुपारी नगरसभा ठरवणार होती. पुरावा हा एवढाच. आणि पोस्टरवर सगळे गोरे चेहरे.

फोन गेल्यावर डिटेक्टिव्ह थेल्मा क्रेमर आली ती ओल्या कोटानिशीच टेबलाशी बसली.

"बाई, तुम्ही हे आधी पाहिलं होतं?"

"हीच प्रत. तेव्हा आमच्या शाळेच्या बाईंच्या घरी होती. त्यांनी मला दाखवली."

"पणजोबा कुठं होते चित्रात?"

"ते नाही हो आठवत. लहान होते मी. चेहरा तेवढा डोळ्यांसमोर आहे."

संग्रहालयाचे प्रमुख फिलिप ऑस्ट्रँडर हळूच हसले. "लहानपणीच्या आठवणी, डिटेक्टिव्ह! बाईंच्या भावना मी समजू शकतो."

"पुस्तक कुणाच्या ताब्यात असतं?"

"माझ्या. पण गेल्या आठवड्यात या रस्कसाहेबांनी ते एकट्यानं तपासलं."

जुन्या पुस्तकांचा व्यापारी रस्क ताडकन उठला. "माझ्यावर ढकलू नका! मी नुसतं पुस्तक चाळलं. पोस्टरला हातही लावला नाही."

"मग आला होतात कशाला?"

"ऑस्ट्रँडरकडं स्वतःची एक मार्गदर्शिका आहे, पुढच्या वर्षीची, १८८७ची. ती मी विकत घेतली. आत दुर्मिळ पोस्टर आहे म्हणाले. आज न्यायला आलोय."

"ऑस्ट्रँडर, तुम्ही हे पोस्टर कधी उघडलं होतं?"

"कधीच नाही. कागद इतका ठिसूळ! आज सगळ्यांसमोर पहिल्यांदा." त्यांनी पोस्टरकडं हात केला. "आता तुम्हीच बघा ना. डाव्या टोकाला, टोपी हातात धरून बसलेला कुणी काळा माणूस दिसतोय का?"

थेल्मानं पाहिलं. नव्हता. तिनं मार्गदर्शिकेचं शेवटचं पान उघडलं. शंभरावर वर्षं दाबून राहिलेल्या कागदानं तिथं तपकिरी डाग पाडला होता, जवळजवळ चौकोनी. तिनं पोस्टर जुन्या घड्यांवरून मिटलं. लांबट, अरुंद पट्टी झाली. ती डागावर ठेवली. पट्टी खाली-वर बाहेर आली, आणि दोन्ही बाजूंना डाग उघडाच राहिला.

"रस्कसाहेबांचं पार्सल कुठं आहे?"

"ते खासगी आहे," ऑस्ट्रँडर घाईनं म्हणाले. "बांधून ठेवलंय."

"विकत मी घेतलंय," रस्क म्हणाला. "मीच सोडतो."

दोरी सुटली. १८८७च्या मार्गदर्शिकेतून पोस्टर निघालं. घडी चौकोनी. ते जिथं ठेवलं होतं त्या पानावरचा डाग मात्र लांबट, अरुंद.

थेल्मानं घडी उलगडली. डाव्या टोकाला, टोपी हातात धरून, एक काळा तरुण बसला होता.

ओडेसाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"दोन वर्षांची दोन पोस्टरं," थेल्मा म्हणाली. "छापखाना एक, वर्ष कुठंच छापलेलं नाही. १८८७मध्ये संघानं एझ्राला काढलं असणार, म्हणून त्या पोस्टरवर तो नाही. त्या पोस्टराला कोण विचारतं? मोल आहे ते एझ्राच्या या पोस्टराला. ऑस्ट्रँडर यांनी पोस्टरांची अदलाबदल केली, म्हणजे संग्रहालयाची वस्तू स्वतःची म्हणून विकता येईल. बाईंचं म्हणणं खोटं ठरलं असतं, तर कुणी शोधायलाही गेलं नसतं. घड्या दोन्हींच्या वेगळ्या होत्या, पण डागांकडं यांचं लक्ष गेलं नाही."

"अहो, हे रस्कनंही केलं असेल!"

"चोराच्या मनात चांदणं, ऑस्ट्रँडर. एझ्रा कुठं होता, हे बाईंनाही आठवत नव्हतं. डावं टोक, हातातली टोपी तुम्हीच सांगितलंत. कधीच न उघडलेल्या पोस्टरातलं."

ऑस्ट्रँडर खुर्चीत बसले.

ओडेसाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही.

"तुम्ही एकटे बसून त्यांना पाहिलंत. चेहरा नीट पाहिलात. आणि तरी माझ्या आठवणीला हसलात?"



"चला बाई," थेल्मानं पोस्टर काळजीपूर्वक दोन पुठ्ठ्यांत धरलं. "सभा सुरू होईल."

दुपारी नगरसभेत ते टेबलावर मांडलं. ओडेसाबाई एकच वाक्य बोलल्या, "हे एझ्रा टॉलिव्हर." मैदानाला ते नाव देण्याच्या बाजूनं सगळे हात वर गेले.