हिरव्या फितीची ओळ

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले आणि मग एकदम म्हणाले, "ही समोरची इमारत निळी कधी केली?"

"दहा वर्षं निळीच आहे, बाबा."

"छे! मला तर कायम मळकी करडी वाटायची. उगाच नावं ठेवली बिचारीला."

मोतीबिंदू काढल्यावर असं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढणं हे माझं काम, त्यामुळे अशी हरखलेली माणसं मी रोज बघते. पण आपले बाबा घरभर हिंडून उशीचे अभ्रे आणि चहाचे डबे निरखायला लागले की गोष्टच वेगळी. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "डॉक्टरीणबाई, मला लाल बघायचंय. बाजारातलं नको, ते दमून आलेलं असतं. झाडावरचं लाल."

मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगून मी कधीच थकले आहे.

मग मी जवळपासचे मळे शोधायला बसले, जिथे आपले टोमॅटो आपल्या हाताने तोडता येतात. वाटलं तितकं सोपं नव्हतं ते. पहिला नंबर नुसता वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणी टोमॅटो जाऊन घोडेस्वारीचे वर्ग आले होते. तिसऱ्या बाईंनी सांगितलं, की आम्ही फक्त शाळेच्या सहली घेतो, कमीत कमी तीस जण हवेत. आम्ही दोघंच आहोत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग अठ्ठावीस शोधा," आणि फोन ठेवला.

चौथ्या फोनवर एक शांत आवाज आला. "रविवारी या. साडेसातपर्यंत. ऊन चढलं की फळ तापतं. आणि बूट घाला, चपला नकोत."

"लाल झालेत ना पण?"

"या तर खरं. हातात घेतलात की कळेल."

माणूस फारच भाव खातोय, असं माझं मत झालं.

मळा शहराबाहेर अर्ध्या तासावर होता. टोमॅटोची झाडं तारांवर बांधलेली, माणसाच्या डोक्यापर्यंत उंच. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी खांब आणि खांबाला एक फीत. फाटकावर पाटी होती : लाल फीत, आत या. हिरवी फीत, थांबा. औषध मारलेलं आहे. पाटीशेजारी खुर्चीत मळ्याचे मालक बसलेले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते ओळींत शिरत नसत. सगळं बघायचा त्यांचा भाचा, आणि तो त्यांना मामा म्हणायचा म्हणून येणारे-जाणारे सगळेच त्यांना मामा म्हणत.

बाबा पहिल्याच झाडापाशी थांबले. "अगं, काय लाल आहे हे! लाल म्हणजे… अगं, लालच!"

मी एक टोमॅटो धरला आणि ओढायला लागले. तेवढ्यात पानांतून, ओळीच्या पलीकडच्या बाजूने, एक हात आला.

"ओढू नका, मॅडम. फांदी मोडते. देठावर गाठ आहे बघा. तिथे अंगठा ठेवा आणि वर मुडपा."

मी अंगठा ठेवला. टक् असा बारीक आवाज झाला आणि फळ हातात आलं. पानांच्या फटीतून मला एक हनुवटी आणि अर्धं हसू दिसलं.

"फोनवर भाव खाणारे तुम्हीच का?"

"हो. आणि लाल आहेत का विचारणाऱ्या तुम्हीच."

तारेच्या दोन्ही बाजूंनी दोघांनी एकच ओळ तोडायची, अशी तिथली पद्धत होती. एकाला न दिसलेलं फळ दुसऱ्याला सापडतं. त्या दिवशी आम्ही ओळीच्या टोकापर्यंत तोडत गेलो. मधे पानं, पानांवर दव, आणि हातांना तो टोमॅटोच्या पाल्याचा उग्र हिरवा वास. तो प्रत्येक फळ धरताना डोळे मिटायचा, देठाजवळ अंगठ्याने दाबायचा, वास घ्यायचा आणि मगच तोडायचा.

"डोळे उघडे ठेवले तर काही बिघडतं का?"

"डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नये."

"मग आमच्या दवाखान्याला टाळं लावायचं म्हणा की."

"लावा. रविवारी लावताच ना, तसं शनिवारीही लावा… म्हणजे शनिवारीही येता येईल तुम्हाला."

मी टोपली उचलून घाईघाईने पुढच्या झाडाकडे गेले. तिथे एकही पिकलेलं फळ नव्हतं, तरी मी बराच वेळ शोधत राहिले.

असे पाच रविवार गेले. बाबा आणि मामा फाटकाजवळ बसून गुडघे, डोळे आणि सरकार या विषयांवर बोलायचे. बाबा त्याला भाचेबुवा म्हणायला लागले. तो त्यांना ओळीत घेऊन जायचा आणि विचारायचा, "काका, आज कसं आहे लाल?" आणि बाबा रंगात येऊन सांगायचे, हा विटेसारखा, हा केशराकडे झुकणारा, हा तर नुसता पेटलाय. तो जीव लावून ऐकायचा. म्हाताऱ्या माणसाचं इतकं मनापासून ऐकणारा मुलगा मी पाहिला नव्हता. आडून सांगण्यात अर्थ नाही, मी त्याच्या प्रेमात पडले होते.

सहाव्या रविवारी आम्ही सगळ्यांत आधी पोचलो. आकाश भरून आलं होतं. बाबा पुढे निघून एका ओळीच्या तोंडाशी थबकले.

"भाचेबुवा, ही फीत हिरवी आहे ना?"

त्याने खांबापाशी जाऊन फितीवरून हात फिरवला. "लाल आहे, काका. जा बिनधास्त."

बाबा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आत गेले. मागून आलेली वीसेक माणसं त्यांच्या पाठोपाठ शिरली. त्यांचं बोलणं मी लांबून ऐकलं होतं. मी टोपली घेऊन तिथे पोचले आणि फीत पाहिली. हिरवीगार होती. मी ओरडणार, एवढ्यात मामांचाच आवाज आला. ते काठी टेकत, धापा टाकत येत होते.

"बाहेर या! सगळे बाहेर या! काल संध्याकाळी औषध मारलंय तिथे!"

मग एकच गोंधळ झाला. टोपल्या जमिनीवर रिकाम्या कराव्या लागल्या. लोक चिडले, एक बाई रडायला लागल्या. बाबांनी एक टोमॅटो शर्टाला पुसून तिथेच खाल्ला होता. मी त्यांना नळावर नेलं, चुळा भरायला लावल्या आणि आमच्या डॉक्टरांना फोन लावला. एकच फळ आहे, पाणी प्यायला द्या आणि लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं. पुढे काही झालं नाही, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं?

मामांनी काठी आपटली. "पहिलं कोण शिरलं? काका, तुम्ही? अहो, एवढी हिरवी फीत दिसली नाही तुम्हाला?"

बाबांनी भाच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो खांबाला धरून उभा होता, चेहरा पांढराफटक… आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

"माझीच चूक," बाबा हळूच म्हणाले. "डोळे नवीन आहेत. मला अजून नीट कळत नाही बहुतेक."

बाबांना गाडीत बसवून मी परत नळापाशी गेले. तो तिथे टोपल्यांतून ओतलेली फळं गोळा करत होता.

"तुम्हाला ती फीत लाल वाटली," मी म्हणाले. "तुम्हाला लाल आणि हिरवं वेगळं दिसतच नाही."

तो उठला नाही. "जुन्या लाल फितींना मी दोन गाठी मारून ठेवल्या होत्या. हात लावला की कळायचं. काल मी बाहेरगावी होतो. मामांनी गड्याकडून औषध मारून घेतलं, नव्या फिती आणल्या आणि स्वतः बांधल्या. सगळ्यांनाच दोन गाठी."

"मामांना माहीत नाही?"

"आईला माहीत होतं. ती गेली." तो फळं उचलत राहिला. "बाजारात पाठवायचा टोमॅटो नुसती लाली धरली की तोडावा लागतो. तेव्हा तो कच्च्याइतकाच टणक असतो, हाताला फरक कळत नाही. पूर्ण पिकलेला कळतो. म्हणून लोकांनी येऊन तोडायचं हे मी काढलं. मामांना वाटलं, भाच्याचं काय डोकं चालतं! हा हंगाम संपला की शेत कुणाला द्यायचं ते ठरवणार आहेत. मला, नाहीतर त्यांच्या जावयाला. ज्याला लाली दिसत नाही त्याला कोण देईल?"

मला त्याची दया आली आणि त्याच वेळी प्रचंड रागही आला. दोन्ही खरं होतं.

"मी कुणाला सांगणार नाही. लोकांच्या डोळ्यांतलं बाहेर बोलायचं नाही, हे माझं कामच आहे. पण बाबांना खरंच वाटतंय, की आपल्याला रंग कळत नाहीत. आणि तुम्ही ते वाटू दिलंत."

"मी…" तो म्हणाला, आणि मामांनी हाक मारली म्हणून गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा रस्ता ओलांडताना माझा दंड धरायला लागले. सकाळी शर्ट हातात घेऊन विचारायचे, "हा निळाच ना गं?" मी दवाखान्यातलं ठिपक्यांचं पुस्तक घरी आणलं. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा असतो. त्यांनी एकूण एक आकडा बरोबर सांगितला, आणि वर म्हणाले, "तू माझी मुलगी. तू मला पास करणारच." खरं काय ते कितीदा तरी ओठांवर आलं. पण दिलेला शब्द मोडायला जीभ धजेना. त्या रविवारी आम्ही मळ्यावर गेलो नाही, आणि त्याचा फोनही आला नाही. मी त्याला मनातून काढून टाकायचं ठरवलं. रोज ठरवायचे.

गुरुवारी बाबांची दर महिन्याची तपासणी होती. बाहेर रिपरिप चालली होती. माझ्या खोलीत बाबा खुर्चीवर बसलेले असताना दार ढकलून तो आत आला. ओला, इस्त्रीचा शर्ट, मळ्यातल्या गमबुटांऐवजी चांगले काळे बूट. मागे काठी टेकत मामा.

"काकांची तपासणी आज आहे, हे ते मामांना बोलले होते," तो म्हणाला. "माझेही डोळे तपासा. दोघांसमोर."

"त्याची गरज नाही. तोंडाने सांगितलंत तरी पुरे."

"तोंडाने सांगितलं तर मामांचा विश्वास बसणार नाही. तपासा."

मी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिला आकडा सगळ्यांनाच दिसतो. त्याने सांगितला. मी पान उलटलं.

"नुसते ठिपके," तो म्हणाला.

मामा त्याच्या खांद्यावरून वाकले. "अरे, आठ आहे तो! ढळढळीत आठ!"

पुढचं पान. "ठिपके." त्याच्या पुढचं. "ठिपके." चौथ्या पानाला मामांनीच पुस्तक मिटलं.

"ती फीत मला लाल वाटली होती, मामा. काकांनी मला विचारलं होतं, हिरवी आहे ना म्हणून. मी लाल सांगितलं. आणि तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी गप्प बसलो. शेत जाईल म्हणून." मग तो बाबांकडे वळला. "काका, तुमचे डोळे बरोबर होते. माझं चुकलं."

मामा भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसले. "माझ्या बहिणीने हे माझ्यापासून लपवलं?" एवढंच म्हणाले. मग काठी भिंतीला टेकवून, "शेत जावयाकडे जाईल. बाजाराच्या पेट्या तुझ्याच्याने व्हायच्या नाहीत. आत्ताच सांगतो, म्हणजे तू आशेवर राहायला नको."

"हो, मामा."

त्याचा आवाज स्थिर होता. मला मात्र समोरचं काही दिसेनासं झालं, आणि ते कुठल्याही नंबराच्या चष्म्याने सुधारण्यासारखं नव्हतं.

"माहीत होतं ना, असं होणार?" मी विचारलं. "मग का आलात?"

"लाल म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "काका सांगायचे. विटेसारखा, केशरासारखा… ते बंद झालं असेल, आणि माझ्यामुळे झालं असेल, हे सहन होईना." तो थांबला. "आणि तुमच्या नजरेतून उतरलो होतो. शेत जाण्यापेक्षा ते जड होतं. आता मागण्यासारखं माझ्याजवळ काहीच नाही. तरी मागतो… मला परत भेटाल?"

बाबा समोर होते, मामा समोर होते, बाहेर सात रुग्ण ताटकळत होते.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "पहिल्या रविवारपासून. शेत होतं म्हणून नाही, आणि नाही म्हणून कमीही नाही. गेले अकरा दिवस मी तुमच्यावर इतकी चिडले होते, कारण मला तुमच्याशीच लग्न करायचं होतं."

मामांनी खोकल्यासारखं केलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी बाबांकडे. त्यांनी त्याला माफ केलं की नाही, ते मला कळत नव्हतं. आणि त्यांनी केलं नसतं, तर मला तरी कसं जमलं असतं?

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्चीतून पुढे वाकून ते त्याच्या बुटांकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं.

"भाचेबुवा," ते म्हणाले, "तुमचा एक मोजा हिरवा आहे आणि एक तपकिरी."

तो दचकून खाली बघायला लागला. मग त्याने मान वर करून मला विचारलं, "खरंच?"

मी बघायलाही वाकले नाही.

"बाबा म्हणताहेत ना," मी म्हणाले, "म्हणजे आहे."