भंगारराणीचं पाणी

"गाडीले हात लावाचा नाही! सांगून ठेवते!"

समता दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभी होती. अंगणात गावचे वडीलधारे पुंजाजीआबा काठी आपटत होते, शेजारी भंगारवाले निवृत्तीशेठ उभे होते आणि कुंपणाबाहेर अर्धं गाव तमाशा बघायला जमलं होतं.

गाडी म्हणजे तरी काय? बाबांची जुनी सायकल, रवीकाकांच्या गॅरेजात धूळ खात पडलेली एक मोटर आणि लोकांनी मोटारसायकलींतून काढून फेकलेल्या चार बॅटऱ्या. त्या बॅटऱ्या टमाट्याच्या कॅरेटमध्ये दाबून बसवल्या होत्या. परीक्षा संपल्यापासून समता, तिचा धाकटा भाऊ धम्मरत्न आणि शेजारची प्रतीक्षा, तिघं मिळून ती जोडत होती. रवीकाका जवळ असल्याशिवाय वायरीला हात लावायचा नाही, ही अट मात्र पक्की होती. पहिल्या दिवशी बाबा हसले होते, "हे भंगार चालन काय बे?" मग काय! समतानं लाल रंगानं पुढच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहून टाकलं, 'भंगारराणी'. हसा आता!

हा नुसता सुट्टीतला खेळ नव्हता. जूनपासून समताची नववी धाड गावच्या शाळेत होती आणि एसटी गावच्या फाट्यावर तिच्या मनात आलं तरच थांबायची. बाबा, म्हणजे किसनराव, धाड-बुलढाणा जीप चालवायचे. पण त्यांची पहिली फेरी शाळेच्या कितीतरी आधी निघायची. म्हणून समताला बुलढाण्याला आत्याकडे ठेवायचं ठरलं होतं. आई-बाबा, धम्मा, प्रतीक्षा, सगळ्यांना सोडून! खूप भांडल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "तुही गाडी धाडले जाऊन परत आली, तं पाहू."

आणि आता हे नवीनच झेंगट!

काल संध्याकाळी गावच्या हौदावर पाणी पिऊन पुंजाजीआबांच्या शेळ्यांची तोंडं भाजली होती. गुरांच्या डॉक्टरांनी हौद बघून सांगितलं, पाण्यात तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, मिसळलं आहे. हौद उपसून पुन्हा भरला. पण तेजाब आलं कुठून?

"गावात बॅटऱ्या घेऊन कोण खेळून राह्यलं?" निवृत्तीशेठ म्हणाले. "हेच पोट्टे! चालू बॅटरीत तेजाब असते. यायनंच सांडलं."

"आमी एक थेंब नाही सांडला!" समता ओरडली.

"मोठ्याले उलटून बोलते?" आबा कडाडले. "माह्या शेळ्या तडफडून राह्यल्या पोरी! उद्या बाजाराच्या दिवशी शेठचा टेम्पो येते. त्यात जाईन हे गाडी."

समतानं बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून उभे होते. "आबा म्हणतात तं..." एवढंच ते पुटपुटले. समताला रडू फुटलं असतं, पण शेठसमोर? छे! ती ओठ चावून उभी राहिली.

सगळे पांगल्यावर धम्मा म्हणाला, "ताई, आपण नाही सांडलं, तं कोणं सांडलं?"

"तेच शोधाचं. चाल!"

तिघं हौदावर गेली. रस्त्यालगतच्या बोअरचं पाणी एका उघड्या नालीतून हौदात यायचं. धम्मा वाकून बघत होता. "प्रतीक्षा, हे पाह्य. काठचं गवत जळल्यावानी काऊन दिसते वं?"

खरंच, नालीच्या कडेचं गवत पिवळं पडून करपलं होतं. प्रतीक्षानं टुणकन उडी मारली. "थांबा! मी आलीच!"

प्रतीक्षाची आई वच्छलाबाई धाडच्या बाजारात भज्यांचं दुकान लावायची. पोरगी घरात घुसली आणि खायच्या सोड्याची पुडी घेऊन धावत आली. "शाळेत बाईनं दाखवलं होतं नं? तेजाबावर सोडा टाकला का फसफसते!"

तिनं नालीच्या ओल्या काठावर चिमूटभर सोडा टाकला. फस्स! पांढरा फेस वर आला.

"मायबाई!" धम्माचे डोळे चमकले. "आता आपल्या गाडीखाली टाक!"

अंगणात जाऊन गाडीखालच्या ओल्या मातीवर सोडा टाकला, तो तसाच पडून राहिला. एक बुडबुडा आला तर शपथ! मग तिघं परत येऊन नालीच्या कडेकडेनं वर निघाली. थोडं चालायचं, चिमूट टाकायची. फस्स! आणखी पुढे. फस्स! फेस त्यांना थेट निवृत्तीशेठच्या गोडाऊनच्या मागच्या पत्र्यापर्यंत घेऊन गेला. पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं, तर जुन्या बॅटऱ्यांचा हा ढीग!

"चाल, आबाले सांगू," प्रतीक्षा म्हणाली.

"ऐकतीन ते?" समता म्हणाली. "शेठ म्हणतीन, पोरायनंच इथंही सांडलं. ओतताना पाह्यलं पाह्यजे. उद्या टेम्पो यायच्या आंधी पुन्हा ओततीनच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं गोडाऊनमागच्या बाभळीआड दबा धरून बसली. जरा वेळानं आतून शेठचा आवाज आला, "आटप रे! टेम्पो आला. समद्या बॅटऱ्यातलं पाणी काढून टाक!"

गोडाऊनमधला माणूस बाहेर आला, त्यानं एकेक बॅटरी उलटी केली आणि सगळं खुशाल नालीत ओतलं.

"पाणी म्हणते याले!" समता दात-ओठ खात म्हणाली. तेवढ्यात तिच्या कानावर घुंगरांचा आवाज आला. धाडच्या बाजाराला निघालेला शेळ्या-बैलांचा मोठा कळप गावात शिरत होता. बाजाराला जाणारी सगळी जनावरं आधी हौदावरच थांबायची!

"धम्मा, तू रवीकाकाले बोलाव! प्रतीक्षा, सोडा घेऊन हौदावर ये!"

समता घराकडे सुसाट पळाली. हौद गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. पायी पोचेपर्यंत कळपानं पाण्यात तोंड घातलं असतं. अंगणात बाबा गाडीचा दोर सोडत होते, टेम्पोत टाकायला.

"समता! गाडीले हात लावू नको म्हटलं नं!"

"बाबा, मंग मारा! आता जाऊ द्या!"

तिनं गाडी हिसकावली, बटण दाबलं आणि भंगारराणी निघाली! खडखड करत, कॅरेट हादरवत, पण काय पळाली म्हणता! कोंबड्या उडाल्या. ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले. समता भोंगा वाजवत ओरडत होती, "सरका! जनावरायले पाणी पाजू नका!"

कळप हौदापासून हाकेच्या अंतरावर होता. समतानं गाडी मधोमध आडवी घातली. बैल फुरफुरले, गुराखी खेकसले, "ए पोरी, बाजूले हो!"

"नाही होत! मले तुडवून जा!"

आरडाओरडा ऐकून आबा आले. बाबा आले, टेम्पोतून निवृत्तीशेठही आले. "पाह्यलं आबा?" शेठ तावातावानं म्हणाले. "कालच मोडली असती, तं..."

"शेठ, एक सांगा," समता त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "आमच्या बॅटऱ्यातलं तेजाब आमी हौदात ओतलं असतं, तं हे गाडी घरून इथपर्यंत आली कशी? ढकलत?"

आबांनी गाडीकडे पाहिलं, मग शेठकडे.

"मंग... मंग मले काय विचारते?" शेठ गडबडले. "आमी काही तेजाब नाही सांडत. आमी तं नुसतं पाणी ओततो!"

"कशातलं पाणी, शेठ?"

"बॅटरीतलं! पण ते मेलेल्या बॅटरीतलं आहे वं! त्यात काय दम राह्यते?"

तेवढ्यात धापा टाकत प्रतीक्षा आली. तिनं उरलेली पुडी नालीच्या तोंडाशी अख्खी रिकामी केली. फस्स करून एवढा फेस उठला की पुढचा बैल दोन पावलं मागे सरला!

"हे तुमचं मेलेलं पाणी!" समता म्हणाली. "आन् ह्या बॅटऱ्याही लोकायनं मेल्या म्हणूनच फेकल्या होत्या. पाह्यल्या नं कशा पळतात?"

धम्मासोबत आलेल्या रवीकाकांनी मान हलवली. "बॅटरी मेली तरी तेजाब मरत नाही, शेठ. आपण समदेच त्याले पाणी म्हणतो, तेच चुकते."

शेठचा चेहरा उतरला. "आबा, खरंच मले वाटलं पाणीच हाय. चुकलो!" बॅटऱ्या यापुढे न उलटता तशाच पाठवीन, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं आणि हौद धुवायला स्वतः पँट वर खोचून उतरायला निघाले. रवीकाकांनी त्यांना आधी रबरी हातमोजे आणि गमबूट घालायला लावले.

पुंजाजीआबा समतापाशी आले. काल याच हातानं त्यांनी काठी आपटली होती. आज तोच हात तिच्या डोक्यावर आला. "पोरी, म्या तुले लय बोललो. तू माह्यं ऐकलं असतं, तं आज समद्या बाजाराचे ढोरं गेले असते." मग ते लोकांकडे वळून गरजले, "शेठच्या पाण्यानं शेळ्या भाजल्या, पण आमच्या पोरीनं आज खरं पाणी दाखवलं!"

हशा पिकला. बाबा मात्र हसले नाहीत. ते खाली बसून भंगारराणीची साखळी घट्ट आहे का ते बघत होते. मग त्यांनी खिशातून फोन काढून बुलढाण्याला आत्याला लावला.

"हॅलो, अक्का? जूनमधी समता येत नाही. हो, इथूनच जाईन शाळेत," ते म्हणाले आणि घसा खाकरून पुढे म्हणाले, "तिची गाडी हाय नं!"

"बाबा, अजून धाडले जाऊन यायचं राह्यलं!" समता म्हणाली.

"मंग उभी काऊन? चाल, मी जीप घेऊन मागं येतो!"