गाठीचा माग

निवृत्तिनिधीच्या इचलकरंजी कचेरीत ऋतुजा खोत हरवलेली माणसं शोधायची. गिरण्या बंद पडल्या, कामगार पांगले आणि त्यांचा निधी हक्कदारांची वाट बघत बसला. पूर्वी पत्र जायचं, पत्ता सापडत नाही म्हणून परत यायचं, की साहेब शेरा मारून मोकळे. आता ‘हस्तशोध’ आला होता. माणूस नाव बदलेल, दाढी वाढवेल, पण कामाने हाताला लावलेली सवय सुटत नाही, हे त्या यंत्राला पक्कं ठाऊक. दुकानादुकानांतल्या कॅमेऱ्यांतून ते नुसते हात बघत हिंडायचं.

समोर छाया म्हेत्रे बसल्या होत्या. नवरा विलास, गिरणीतला विणकर, सतरा वर्षांपूर्वी पगार घेऊन निघाला तो घरी पोचलाच नाही. भावकी म्हणे, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दे, दिवस घाल, दाखला काढ, विधवेची पेन्शन घे. जित्या माणसाला जाळू का, असं विचारून बाई कपाळभर कुंकू लावत राहिल्या आणि दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापत राहिल्या. आता गुडघे गेले होते. नवऱ्याच्या शोधासाठी अर्ज करा म्हणून ऋतुजानेच महिनाभर त्यांचा पिच्छा पुरवला होता.

गिरणीतल्या जुन्या चित्रणात विलासचे हात धूसर दिसत होते, म्हणून बाईंनी नवऱ्याची डब्याची पिशवी आणली होती. तिचा तुटका बंद विलासने मागावरचं सूत जोडावं तशी, पण स्वतःच्या सवयीने एक वेढा उलटा घेतलेली गाठ मारून सांधला होता. ती गाठ सतरा वर्षं कुणी सोडली नव्हती.

ऋतुजाने ती यंत्राला दाखवली. त्याला अकरा मिनिटं लागली. सुरतेत साठीचा एक माणूस फुलांचे हार करत होता, आणि दोरा तुटला की नेमकी तशीच गाठ मारत होता.

“मावशी, हयात आहेत ते,” ऋतुजा म्हणाली.

छायाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मग त्या चक्क हसल्या. जावेला कळू दे म्हणाल्या आणि तिथेच फोन लावायला घेतला.

तोवर नियमाप्रमाणे यंत्राने हाराच्या दुकानात विलासला फोन करून त्याची इच्छा विचारली होती. उत्तर पडद्यावर आलं. रक्कम माझ्या खात्यात भरा, ठावठिकाणा कुणालाही कळवू नका. ऋतुजाला त्याचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःच्या हुशारीचा. तिने ते कसंबसं वाचून दाखवलं.

“कोण शोधतंय, ते सांगितलं हुतं का त्यांना?”

खोटं बोलता आलं असतं. “हो. पत्नी छाया म्हेत्रे, असं आधी सांगतात.”

बाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. जिवंत माणसाच्या बायकोला विधवेची पेन्शन मिळत नाही, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. फोनमधून जाऊ हॅलो, हॅलो करत होती.

“हिला काय सांगू गं पोरी?” त्यांनी हलकेच विचारलं. “हाय म्हणू, का न्हाई म्हणू?”