एका आईच्या नव्हेत

जिलियनने टेबलावरचा केक उचलला आणि सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला!

तो केक कर्स्टीने केला होता. त्यावर साखरेने ‘आभारी आहोत, मॅक्सीन’ असं लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या वॉल्सेंड गावच्या त्या छोट्या घरात शुक्रवारची मासे-चिप्सची पुडकी तशीच निवत राहिली, आणि जिलियनची मावसबहीण मॅक्सीन दाराशी उभी राहून डोळे पुसू लागली.

“झालं काय, पोरी?” जिलियनच्या म्हाताऱ्या बापाने, नॉर्मनने विचारलं.

“आमची मॅक्सीन बीज द्यायला चालत नाही म्हणे, बाबा!” जिलियन म्हणाली. “ नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्या आया कोण? सख्ख्या बहिणी म्हटल्यावर तिने पेनच खाली ठेवलं.”

“का? घरचंच तर बीज!”

“तेच तर नकोय ना!”

दोन वर्षांपूर्वी जिलियनचा तान्हा मुलगा ऑलिव्हर अकरा दिवस जगला आणि गेला. तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं की पेशीत शक्ती तयार करणारी बारीक घरं असतात, मायटोकाँड्रिया. त्यांचा डीएनए वेगळा असतो आणि तो फक्त आईकडून येतो, बापाकडून कणभरही नाही; ऑलिव्हरच्या त्याच डीएनएत दोष होता. जिलियनची आई एव्हरिल त्याच दोषाने गेली होती. आता जिलियन आणि तिचा नवरा कॉलिन यांच्या फळलेल्या बीजातला गाभा काढून तो दुसऱ्या बाईच्या, गाभा काढून घेतलेल्या बीजात ठेवायचा होता. बाळ त्यांचंच, शक्तीची घरं तेवढी परकी. परकी कशाला, आपल्यातलीच घेऊ, असं घरात ठरलं... आणि तिथेच सगळे चुकले, कारण एव्हरिलच्या बहिणीच्या लेकीतही तीच सदोष घरं असणार!

कर्स्टी जिलियनची सावत्र बहीण, नॉर्मनच्या दुसऱ्या बायकोची, पॉलीनची मुलगी. त्या गावात आपल्या माणसाच्या नावाआधी ‘आमची’, ‘आमचा’ लावतात. आमची मॅक्सीन, आमचा कॉलिन, कुत्रासुद्धा आमचा रस्टी! एकोणतीस वर्षांत जिलियनने कर्स्टीला एकदाही ‘आमची’ म्हटलं नव्हतं.

“माझं चालेल,” कर्स्टी म्हणाली.

“तुझं?”

“मी तुझ्या आईची नाही, हे तूच सांगत आलीस ना जन्मभर? आता तेच उपयोगी पडतंय.”

जिलियन पांढरीफटक पडली. “म्हणजे पॉलीनचं माझ्या लेकरात? माझ्या आईची जागा घेतलीत, तेवढ्यानं पुरलं नाही?”

कर्स्टीने केकची रिकामी ताटली उगाचच धुवायला घेतली.

“जिल,” नॉर्मन सावकाश म्हणाला, “मी दोन बायका पुरल्या. मला शास्त्र कळत नाही. पण या बाळात तुझ्याकडून एव्हरिल येईल आणि हिच्याकडून पॉलीन. दोघी पुन्हा एकदा... एका ठिकाणी...”

जिलियन कोट घेऊन निघून गेली.

त्यानंतर कर्स्टीला चैन पडेना! बस चालवता चालवता ती प्रत्येक लाल सिग्नलला फोन बघे. आपण बोलायलाच नको होतं का? की आधीच, खूप आधी बोलायला हवं होतं? दिवस सरत होते, जिलियनचं वय थांबणार नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी जिलियनच बसमध्ये चढली. तिकीट न काढता समोर उभी राहिली.

“रोज पोटात सुया टोचाव्या लागतात म्हणे. तुला रक्त काढतानाच घेरी येते.”

“येऊ दे.”

“आणि बाळावर तुझा काही हक्क नसतो.”

“ठाऊक आहे, जिल. मी मागितलाय कधी?”

दोघींनाही रडू कोसळलं... मागून एक म्हातारी ओरडली, “अगं बायांनो, रडणं आटपलं असेल तर बस हलवा! माझं चहाला बोलावणं आहे!”

दोघींना एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता जिलियन स्वतःच्या बाहीने कर्स्टीचे डोळे पुसू लागली.

बीजं काढली त्या दिवशी कर्स्टी पडद्याआड अर्धवट गुंगीत पडली होती. नऊ मिळाली, असं कुणीतरी म्हणालं. त्यातली किती टिकतील, गर्भ धरेल का, धरला तर राहील का... कुणीच सांगू शकत नव्हतं. पोटात कळ येत होती, आणि मनाची तगमग तर त्याहून जास्त.

पडद्यापलीकडे नर्सचा आवाज आला, “आत फक्त घरच्यांनाच सोडते हं. तुम्ही पेशंटच्या कोण?”

कर्स्टीने मान पडद्याकडे वळवली.

“मला सोडा आत,” जिलियन म्हणाली. “आमची कर्स्टी आहे ती.”