चोरलेले मैल

सर्व्हिसची मोटार त्या दिवशीही कमळापुढे थांबली नाही. दारात लटकलेल्या माणसांसकट ती धूळ उडवत चिचपल्लीकडे निघून गेली आणि जाता जाता तिने एका लाल विलायती गाडीला मागे टाकलं. कमळाला आधी ते खरंच वाटेना. दोन माणसांपुरती, जमिनीला टेकलेली, उघड्या छताची गाडी... दिसायला अशी की आत्ता उडेल, आणि चालत होती मात्र नव्या सुनेसारखी, खाली मान घालून!

गाडी चिंचेखाली येऊन थांबली. चालवणाऱ्याने आधी इंजिनाकडे कान दिला, मग कमळाकडे पाहिलं.

"बाई, तुमाले इंग्रजी वाचता येते काय?"

"मोटार चुकलेल्या माणसाले लोक पह्यले कुठी जाता म्हणून इचारतात," कमळा म्हणाली.

"कुठी जाता ते ठाव हाय. चिचपल्लीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तुमी. इंग्रजीचं ठाव नाई, म्हणून तेवढंच इचारलं."

हा वारलू मिस्त्री. चांद्याच्या एका लाकूड-ठेकेदाराच्या ट्रका याच्याच हाताने चालत आणि याच्याच हाताने दुरुस्त होत. ठेकेदारसाहेबांना वेगाची भारी हौस. मागची नवी गाडी त्यांनी पहिल्याच पंधरवड्यात अशी पळवली की इंजिन जळून बसलं. या वेळी मात्र शहाणपण सुचलं होतं. पहिले हजार मैल वारलूने चालवायची, रोज चांद्याहून अठ्ठावीस मैलांवरच्या मूल गावी आणि मूलहून परत चांद्याला. हजार भरले की गाडी साहेबांच्या हाती. गाडीबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक सीटखाली पडलं होतं आणि वारलूला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

कमळाने उभ्या उभ्याच पहिलं पान वाचलं आणि सोपं करून सांगितलं. तीस मैलांच्या वर जायचं नाही. नवे ब्रेक एकदम दाबायचे नाहीत. एकाच वेगाने फार वेळ चालवायचं नाही. आणि वरच्या गिअरात इंजिन रखडवायचंही नाही, घाईने जेवढं नुकसान होतं तेवढंच रखडवल्याने होतं.

"म्हणजे पळवाचं नाई अन् रखडवाचंही नाई," वारलू म्हणाला. "हे तर मोठं कठीण काम हाय, बाई."

पुढे किती कठीण गेलं, ते दोघांनाही तेव्हा कुठे माहीत होतं.

सौदा तिथेच ठरला. सकाळी चांद्याहून चिचपल्लीपर्यंत बारा मैल तो तिला आणणार, मग मूलला जाऊन दुपारी परतताना दवाखान्यापुढे थांबणार. तिने रोज एक पान वाचून दाखवायचं. कमळा चांद्याला रुखमामावशीकडे राहत असे. मावशीने पहिल्या दिवशी भुवया चढवल्या, दुसऱ्या दिवशी गाडीला हात लावून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्रीसाठी तिळाचे लाडू बांधून दिले. संक्रांत नुकतीच झाली होती, सन सत्तावन्नची.

वारलूचं चालवणं पाहत राहावं असं होतं. समोरून बैलगाडी आली की तो आधीच गाडी कडेला घेई, बैल बुजू नयेत म्हणून इंजिनही बंद करी. वळणाच्या अलीकडे हॉर्न एकदाच, हलकेच. सागाच्या जंगलात थंडीने कमळाचे कान लाल होत; मग तो काही न बोलता आपला मफलर दोघांच्या मधल्या जागेत ठेवी. 'घ्या' म्हणत नसे. ती तो घेई, आणि त्याला पेट्रोलचा वास येई, आणि तो वास तिला आवडे... हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही.

"एवढा कान लावून काय ऐकता?" तिने एकदा विचारलं.

"नवं इंजिन हाय. एक भाग दुसऱ्या भागाशी अजून ओळख करून राह्यला. मुरू द्या लागते."

"लोणच्यासारखं?"

"लोणचं तरी बरं. बरणी बोलत नाई." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे. "हे बोलते."

"इंजिन?"

"मंग दुसरं कोण?" म्हणाला, आणि त्याचे कान थंडी नसतानाही लाल झाले.

आज म्हणे बोलावं, उद्या म्हणे बोलावं, असं करणाऱ्यांतला तो. पण एकदा, मीटरवर तीनशे मैल झाले त्या दिवशी, अवकाळी गारांनी दोघांना रस्त्यात गाठलं. कापडी छत ओढून ते एका मोहाखाली थांबले. छतावर गारा ताडताड वाजत होत्या, आत जागा एवढीशी की श्वास घेतला तरी खांद्याला खांदा लागे. वारलू स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता, जणू गाडी चालूच आहे.

"बाई... हजार मैल झाले की तुमच्या हाती स्टिअरिंग देतो. तोवर एकच हात पाह्यजे हिले. अन्..."

"अन्?"

"अन् एक गोष्टही सांगाची हाय. हजार झाले की."

"आताच सांगा ना."

"नाई. आता गारा पडून राह्यल्या. ऐकू नाई येणार."

इतक्या जवळ बसून ऐकू येणार नव्हतं! कमळा हसली. तिला ती गोष्ट काय, ते कळलंच होतं. बाई माणसाला कळतंच. पण त्याच्या तोंडून ऐकायचं सुख वेगळं, आणि त्या सुखासाठी थांबायला ती तयार होती.

त्याच संध्याकाळी बाबांचं पत्र आलं. गुणवंतराव सिंदेवाहीजवळच्या गावी धानाची शेती करत. माणूस मोकळ्या मनाचा. त्यांनी लिहिलं होतं: 'ब्रह्मपुरीकडचं एक घर आहे. थोरला मास्तर, धाकटा शेती पाहतो. तू आणि भागीरथा, दोघी बहिणी एकाच घरी द्याव्या असं त्यांचं म्हणणं. भागीरथेने धाकट्याला पाहिलं आहे, तिला पसंत आहे. तू शिकलेली, पायावर उभी, तुझ्यावर जबरदस्ती नाही. नको असेल तर मार्कंड्याच्या जत्रेआधी एक ओळ टाक, मी मोडता घालीन, भागीला दुसरं पाहू. ओळ आली नाही तर तुझा होकार समजून जत्रेत देवापुढे सुपारी फोडीन.'

एक ओळ. कमळाने दौत काढली, आणि परत ठेवली. नकाराचं कारण काय लिहायचं? एका मिस्त्रीला मला काहीतरी सांगायचं आहे, पण अजून सांगितलेलं नाही... असं? तिने हिशोब केला. रोज छप्पन्न मैल. पंधरा दिवसांत हजार भरतील, तो बोलेल, मग बाबांना नकारही कळवता येईल आणि कारणही. मार्कंड्याची जत्रा महाशिवरात्रीला, तिला तर तीन आठवड्यांच्या वर अवकाश होता. तिने पत्र ट्रंकेत ठेवलं, आणि वारलूला त्यातलं काहीच सांगितलं नाही.

पाचशे मैलांवर वारलूने पुस्तकाप्रमाणे तेल बदललं. दुसऱ्याच दिवशी एक गंमत झाली. सकाळी ती उतरली तेव्हा मीटरवर पाचशे सोळा होते. दुपारी बसली तेव्हाही पाचशे सोळा!

"मूलले गेलाच नाई काय आज?"

"गेलतो ना."

त्याने पुढ्यात कागदाचा पुडा ठेवला. मूलच्या बाजारातले शिंगाडे होते, अजून ओलसर. कमळाने शिंगाडा सोलता सोलता वाकून पाहिलं. मीटरच्या मागे जाणाऱ्या केबलच्या टोकावर ताज्या काळ्या बोटांचे ठसे होते.

तिला सगळं समजलं. तिला उतरवून दिल्यावर या पठ्ठ्याने केबल काढून ठेवली होती. मूलला जायचे आणि यायचे बत्तीस मैल मोजलेच गेले नव्हते. आता रोज तिच्यासोबतचे चोवीस तेवढे मीटरवर चढणार होते. हजार मैल संपू नयेत म्हणून एक माणूस ठेकेदाराच्या गाडीतून मैल चोरत होता!

तिने काही विचारलं नाही. एवढा आनंद झाला तिला की शिंगाड्याचं साल दाताने सोलताना ओठ कापला, ते घरी गेल्यावर कळलं. माणूस बोलत नाही, पण हे बोलणंच नव्हे का? मग कशाला उगाच घाई करायची? चोरू द्यावे त्याला. आपणही खावे चोरीचे शिंगाडे.

इथेच चुकलं तिचं, आणि हे ती पुढे आयुष्यभर स्वतःला ऐकवत राहिली. मैल थांबले होते. तारखा कुठे थांबल्या होत्या?

साडेपाचशे, सहाशे, सातशे. पुस्तक संपलं, त्यांनी ते पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. 'रखडवू नये' हे वाक्य दुसऱ्यांदा आलं तेव्हा वारलूने घाईने रस्त्यापलीकडचा मोर दाखवला. कमळा रोज ठरवी, आज त्याला पत्राचं सांगते. पण सांगितलं असतं तर तो घाबरून, नाइलाजाने बोलला असता. तिला तसं नको होतं. त्याने आपणहून, हजार भरल्यावर, तिच्याकडे पाहून बोलायला हवं होतं. एवढा हट्ट कशासाठी होता, देव जाणे.

मीटरवर साडेआठशे झाले तेव्हा महाशिवरात्रीला तीन दिवस होते. त्या दुपारी दवाखान्यापुढून घुंगरांच्या बैलगाड्या जाऊ लागल्या. जत्रेच्या.

"आताच?" तिने औषधाला आलेल्या सोनीबाईला विचारलं.

"मार्कंडा काय जवळ हाय, बाई? बैलाच्या पायानं जा लागते. सिंदेवाहीकडचे तर कालच निघाले असतीन."

कमळाच्या हातातली बाटली हातातच राहिली. तिने जत्रेचा दिवस मोजला होता. बैलांची चाल मोजलीच नव्हती. लहानपणी दरवर्षी त्याच गाडीत बसून जाणारी मुलगी ती, तीन मुक्काम तोंडपाठ असलेली... आणि मोटारीच्या मैलांत रमून तेवढंच विसरली. तिने तरीही कार्ड लिहिलं. टपाल घरी पोचेल तेव्हा तिथे कुलूप असणार, हे माहीत असूनही लिहिलं.

त्या दुपारी तरी वारलूला सांगायचं! पण वारलू आला तो हसत, खिशात बोरं घेऊन. "आता दीडशेच मैल राह्यले, बाई," म्हणाला. तिला वाटलं, बाबा कदाचित कार्डाची वाट पाहतील. कदाचित त्या घरचेच येणार नाहीत. माणूस बुडताना कशालाही धरतो, तिने 'कदाचित'ला धरलं.

महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी गुणवंतरावांची बैलगाडी दवाखान्यापुढे थांबली. वाट वाकडी करून, एक मुक्काम वाढवून ते लेकीला भेटायला आले होते. कपाळाला अंगारा, हातात प्रसादाचा नारळ.

"तुही ओळ नाई आली. मी समजलो," ते म्हणाले. "दोन्ही सुपाऱ्या एकाच पाटावर फुटल्या, पोरी. भागीरथा तर नाचूनच राह्यली. मास्तर भला माणूस हाय, तुले सुखात ठेवन."

कमळा वाकून त्यांच्या पाया पडली. पाया पडताना चेहरा दिसत नाही, एवढीच सोय.

बैलगाडी गेल्यावर थोड्या वेळाने लाल गाडी आली. ती बसली. मीटरवर नऊशे चौऱ्याण्णव होते. वारलूने त्या दिवशी नवा सदरा घातला होता. सागाच्या जंगलातून ते सहा मैल आले, आणि जुनोन्याच्या फाट्याअलीकडे चार आकडे एकदम फिरले. एक आणि तीन शून्यं. वारलूने गाडी कडेला घेतली.

"बाई, पह्यले एक चोरी सांगतो. हे हजार खरे नाईत..."

"सोळाशेच्या वर झाले," कमळा म्हणाली. "मले माहीत हाय. पाचशे सोळापासून."

तो पाहतच राहिला. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"तुमी काऊन नाई बोलले?"

"भेव वाटे. हजार झाले अन् तुमी नाई म्हटलं तर? म्हटलं, जेवढे दिवस मिळते तेवढे घ्यावे." मग एका दमात, रस्त्याकडे न पाहता, तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "मले तुमी पाह्यजे, कमळाबाई. लगन करता काय माह्याशी?"

किती सुंदर बोलला! तिने स्वप्नात ऐकलं होतं त्याहून सुंदर. तिने त्याला पत्राचं सांगितलं. सुपारीचं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा स्टिअरिंगवरचा हात हळूहळू खाली आला.

"आत्ता गाडी फिरवतो," तो म्हणाला. "बैलगाडी किती दूर गेली असन? तुमच्या बाबाच्या पाया पडतो."

"बाबा ऐकतीन. तसेच हाय ते." कमळा म्हणाली. "अन् भागीरथा? माही सुपारी मोडली की तिचीही मोडते. देवापुढची मोडलेली पोर म्हणून तिले गावभर पाह्यतीन. आठ दिवसांपह्यले एक ओळ पुरली असती, मिस्त्री. आता नाई पुरत."

मग वारलू खाली उतरला, गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि दार उघडून उभा राहिला.

"हजार झाले की तुमच्या हाती द्याचं कबूल केलं होतं," तो म्हणाला.

ती स्टिअरिंगमागे बसली. कुठे पाय, कुठे हात, ते तिला सगळं येत होतं; पुस्तक दोनदा वाचलं होतं ना.

"आता पळवता येते हिले," तो शेजारी बसत म्हणाला. "साठ, सत्तर. मुरली हाय."

"केबल काढा," कमळा म्हणाली.

त्याने वाकून केबल काढली. गाडी निघाली, हळू, थोडी अडखळत, मग नीट. चांदा सहा मैल होतं. समोरून बैलगाडी आली तेव्हा तिने आधीच कडेला घेतलं आणि वळणाच्या अलीकडे हॉर्न एकदाच, हलकेच वाजवला. मधल्या जागेत मफलर होता. रस्ता दिसेनासा झाला की ती त्यानेच डोळे पुशी.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारसाहेबांनी गाडी ताब्यात घेतली, मीटर पाहिलं आणि वारलूची पाठ थोपटली. बरोब्बर हजार होते, एकही मैल जास्त नाही.